म्हातारी जाईल तिकडे माझा वास

हरणाचा तो नर चाळीसेक पावलांवर येऊन थांबला. मादीच्या मागावर होता, मान खाली, घशातून घोगरा आवाज काढत आलेला. उचललेला पुढचा पाय तसाच अधांतरी राहिला. नाक वर केलं, एकदाच. फुरफुरला नाही, शेपटी उभारली नाही, पळालाही नाही. आल्या पावली वळला आणि ओकच्या खोडांमागे दिसेनासा झाला.

मी मचाणावर, जमिनीपासून पंधरा-सोळा फुटांवर बसले होते. हातात धनुष्य होतं, ते तसूभरही हललं नव्हतं. वारा बघूनच आले होते. फोनमधलं अॅप वायव्येचा वारा दाखवत होतं, म्हणजे माझा वास आग्नेयेला जायचा. नर आला पश्चिमेकडून. त्याला माझा वास लागायचं कारणच नव्हतं. त्यानं मला पाहिलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

ही गोष्ट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यातली, व्हर्नन काउंटीतली. हिमयुगात आजूबाजूचा मुलूख बर्फाच्या थरांनी रगडून सपाट केला, हा तुकडा तेवढा सुटला. त्यामुळे इथे डोंगरधारा आहेत, खोरी आहेत, घळी आहेत, तळाशी थंड पाण्याचे ओढे आहेत. मी भोरकडची. मॅडिसनला नोकरीसाठी आल्यावर सुरुवातीची काही वर्षं सपाट मक्याची शेतं बघून जीव उदास व्हायचा. पहिल्यांदा या बाजूला आले तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं.

शिकारीबद्दल एक गोष्ट आधीच सांगते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला मनापासून वाटतं. इथली परिस्थिती वेगळी आहे. या दक्षिण भागात हरणांवर वचक ठेवणारं मोठं जनावर जवळपास उरलेलं नाही. पांढऱ्या शेपटीची हरणं भरपूर आहेत, मक्याचं नुकसान करतात, रस्त्यावर गाड्यांखाली येतात. मोसम कधी, कुठल्या काउंटीत किती माद्या मारायच्या, हे राज्याचं खातं ठरवतं. १९७३ पासून पुढे जन्मलेल्या माणसाला सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय साधारणपणे परवानाच मिळत नाही. मी तो केला, धनुष्य घेतलं आणि वर्षभर अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारत राहिले. मांस विकत आणून खायचं, तर निदान एकदा तरी त्या जनावराच्या मरणाची जबाबदारी स्वतःच्या हातानं घ्यावी, असं माझ्या मनात बरीच वर्षं होतं.

रान ज्यांचं, ते माझ्या सहकारी बाईंचे वडील. वय सत्तरीच्या पुढे. गाई विकून टाकल्या, आता अल्फाल्फा, म्हणजे लसूणघास, आणि मका तेवढा उरलाय. इकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावानंच हाक मारते, पण लिहिताना आजोबाच येतं.

त्या संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पाहिलं असतं तर टक लावून बघत उभा राहिला असता. मान खालीवर केली असती, पाय आपटला असता. नाक वर करून गुपचूप वळतो, तो वास घेऊन वळतो."

"पण वारा माझ्या बाजूनं होता."

"कुठला वारा? फोनमधला?"

असं म्हणून त्यांनी गोठ्याच्या खिडकीतून एक वाळलेलं बोंड काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं. करडं, खरखरीत, एका बाजूनं उललेलं. आत तपकिरी चपट्या बिया माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या, आणि प्रत्येक बीला रेशमासारखा चंदेरी झुबका. मी पाहताक्षणी ओळखलं. ही तर म्हातारी! इथल्या या झाडाला मिल्कवीड म्हणतात. आपल्या रुईच्याच कुळातलं, तसाच पांढरा चीक. लहानपणी शाळेतून येताना उडणाऱ्या म्हातारीमागे धावायचो, पकडून फुंकर मारून पुन्हा सोडायचो. ती कुठे जाते हे बघण्यात अख्खी दुपार जायची. चाळीस वर्षांनी तेच काम पुन्हा हातात येईल असं वाटलं नव्हतं.

"बी खुडून टाक, नुसता कापूस सोड. आणि तो दिसेनासा होईपर्यंत नजर हलवू नकोस," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच मचाणावर चढले. शिकार मनात नव्हती, धनुष्य खालीच ठेवलं होतं. पहिला झुबका सोडला. अॅप म्हणत होतं तसाच तो आग्नेयेला निघाला, दहा-बारा हात सरळ गेला. मग थांबला. हवेत जागच्या जागी गोल फिरला, हळूहळू खाली आला आणि माझ्याच झाडाच्या बुंध्याकडे परत यायला लागला. बुंध्याला वळसा घालून, जमिनीपासून गुडघाभर उंचीवरून पश्चिमेला तरंगत गेला. आदल्या दिवशी तो नर जिथे पाय उचलून थांबला होता, बरोबर तिथल्या एका काटेरी झुडपाला जाऊन चिकटला.

मी आणखी वीसेक झुबके सोडले. तीनपैकी दोन तरी तिकडेच गेले.

तेव्हा कळलं की गेले चार दिवस मी त्या खोऱ्यात बसून काय करत होते. धार ओलांडून येणारा वारा पलीकडच्या बाजूला उतरताना भोवरा घेतो, ओढ्यात मोठ्या दगडामागे पाणी उलटं फिरतं तसा. माझं मचाण त्या भोवऱ्यात होतं. अॅपमधला वारा खोटा नव्हता, पण तो धारेच्या वरचा होता. माझ्या झाडाखालचा वारा वेगळा होता आणि हरणं त्या वाऱ्यात जगत होती.

अंघोळीच्या बिनवासाच्या साबणावर माझा तोपर्यंत फार भरवसा होता. घरात रोजची फोडणी, त्यामुळे शिकारीचे कपडे मी गॅरेजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचे, रबरी बूट रानातच घालायचे. ते आजही करते, फायदा होतोच. पण माणूस श्वास घेतो, घाम गाळतो, आणि हरणाला तेवढं पुरतं. आपण मराठीत म्हणतो, अमुक माणूस तमक्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. हरणाच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे.

नोव्हेंबर हा या हरणांच्या माजाचा महिना. दिवस लहान होत जातो त्याच्याशी तो बांधलेला असतो, थंडी लवकर पडली की उशिरा याच्याशी नाही. ऑक्टोबरच्या शेवटी नर खुरांनी जमीन उकरून ठेवायला लागतात, वरची फांदी चावून, कपाळ घासून तिथे आपला वास लावतात. कोवळ्या खोडांची साल शिंगांनी सोलून काढतात. नोव्हेंबरच्या मध्यावर बहुतेक माद्या माजावर येतात आणि सगळं रान जागं होतं. या दिवसांत नराला कशाचं भान नसतं, असं मला जो तो सांगत होता. डोळ्याकानांच्या बाबतीत ते थोडंफार खरं असेलही. भर दुपारी उघड्या शेतातून धावणारे नर मी पाहिलेत. पण नाकाचं उलट आहे. मादी जेमतेम दिवसभर नराला जवळ येऊ देते, त्यामुळे कुठली मादी तयार आहे हे त्याला वेळेत कळायला हवं, आणि ते नाकानंच कळतं. प्रत्येक झुडपात शिरून बघत बसायला त्याला वेळ नसतो. माद्या जिथे बसतात त्याच्या वाऱ्याखालच्या अंगानं तो चालत जातो आणि एका झुळकीत अख्ख्या उताराची हजेरी घेतो. म्हणजे शिकाऱ्यानं जिथे आपला वास जाऊ द्यायचा, नेमकं तिथूनच त्याला जायचं असतं. माजाच्या दिवसांतल्या शिकारीचा सगळा पेच हा आहे.

त्या वर्षी मी रिकाम्या हातानं परतले.

जानेवारीत बर्फ पडल्यावर आजोबा मला घेऊन रान फिरले. बर्फात हरणं बसलेल्या जागा स्पष्ट दिसतात, अंगाच्या उबेनं वितळून तयार झालेले लंबगोल खळगे. माद्यांचे पाच-सहा खळगे एकत्र होते. एकट्या नराचे बहुतेक एकाच उंचीवर, धारेपासून साधारण एक तृतीयांश खाली, वारा अडणाऱ्या बाजूला. "इथे बस," म्हणून त्यांनी मला एका खळग्याशेजारी बर्फात बसवलं. पाठीवर धारेवरून येणारा वारा लागत होता. समोर खालचा ओढा, पलीकडचं कुंपण, आजोबांची जीपसुद्धा दिसत होती. पाठीमागचं सगळं नाकाला कळतं आणि पुढचं सगळं डोळ्यांना. त्याच उंचीवरून एक पायवाट आडवी गेली होती, लेंड्या आणि खुरांनी मळलेली.

दुसरी गोष्ट डोंगरातल्या हवेची. ती मला समजायला हवी होती, कारण भोरला ती रोज डोळ्यांसमोर होती. संध्याकाळी चुली पेटल्या की गावाचा धूर वर जात नाही. डोंगराकडून उतरणाऱ्या गार हवेबरोबर तो भातखाचरांवर पसरतो आणि ओढ्याच्या कडेनं सरकत राहतो. सकाळी ऊन चढलं की तोच धूर सरळ वर जातो. इथेही तेच. रात्रभर गार झालेली हवा पहाटे उतारावरून खाली वाहत असते. ऊन लागलं की उतार तापतो आणि हवा वर चढायला लागते. मधे अर्धा-पाऊण तास असा येतो की ती धड खालीही जात नाही, वरही जात नाही, जिकडे तिकडे भटकते. वारा जोरात असेल तर तो या चढउताराला दाबून टाकतो. वारा मंद असेल तर उताराची हवाच राज्य करते. म्हणून ज्या शांत, स्तब्ध सकाळी मी पहिल्या वर्षी हौसेनं गेले होते, त्याच सगळ्यात वाईट होत्या.

झाड शोधायला मार्च उजाडला. डोंगराची एक सोंड दक्षिणेला उतरते आणि तिच्या पूर्वेला खोल घळ आहे, एका बाजूला वालुकाश्माचा तुटका कडा. पायवाटेला त्या घळीच्या माथ्याला वळसा घालूनच जावं लागतं. सोंडेच्या कडेला, घळीला अगदी लागून, एक जुना पांढरा ओक होता. मी तिथे उभी राहून खिशातला कापूस सोडत राहिले. वायव्येचा वारा असताना झुबका घळीवर जात होता. दुपारची हवा चढत असताना तो वर उचलला जात होता, पण घळीच्याच दिशेनं. संध्याकाळी सरळ घळीत उतरत होता. तिन्ही वेळा माझा वास जिथे जाणार होता, तिथे हरीण उभंच राहू शकत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच आजोबांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "आणि जाणार कुठून?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. वरच्या शेतातून झाड दोनशे पावलांवर होतं, सोपी वाट. पण पहाटे हरणं वरच्याच शेतात चरत असतात. तिथून गेले असते तर बसायच्या आधीच सगळं रान उठवलं असतं. म्हणून खालून, ओढ्यातून चालत यायचं आणि घळीच्या कडेनं चढायचं ठरलं. पहाटे हवा खाली वाहत असते, त्यामुळे चढताना माझा वास माझ्या मागेच पडतो. अंतर तिप्पट, चढ दमवणारा. अंगावर फक्त पातळ कपडे ठेवायचे, जाड कपडे पाठीवर बांधायचे, म्हणजे घाम कमी येतो.

उन्हाळ्यात मचाण बांधलं. ऑक्टोबरभर एका वहीत लिहीत गेले: तारीख, वेळ, ऊन की ढग, अॅपचा वारा, म्हातारी कुठे गेली. महिनाअखेरीला त्या वहीवरून एक नियम ठरला. वायव्य किंवा पश्चिम-वायव्य वारा, ताशी तेरा किलोमीटरच्या वर. नाहीतर त्या झाडाकडे जायचं नाही.

नियम ठरवणं सोपं होतं. मी नोव्हेंबरमध्ये दहा दिवसांची रजा काढली आणि त्यातले पहिले सहा दिवस दक्षिणेचा वारा होता. अवकाळी उकाडा, वरचं रान माजलेलं. आजोबा रोज फोन करून सांगायचे, आज अमुक नर मादीमागे शेतातून गेला, आज दोघांची झुंज पाहिली. मी घरी भांडी घासत होते. चौथ्या दिवशी मात्र राहवेना, सामान गाडीत टाकून ओढ्यापर्यंत गेले. काठावर उभी राहून एक झुबका सोडला. तो ओढ्यावरून उचलला गेला आणि घळीतून वर, सरळ माझ्या ओककडे चढत गेला. मी गाडीत बसले आणि परत फिरले. त्या वर्षीची माझी खरी शिकार मी त्या परतीच्या दीड-दोन तासांत केली, असं मला आजही वाटतं. वास लागलेलं हरीण ती जागा विसरत नाही. एका चुकीच्या सकाळीनं वर्षभराची मेहनत गेली असती.

सातव्या रात्री थंडीची लाट आली आणि वारा फिरला. पहाटे गाडी लावली तेव्हा ओढ्याकाठच्या गवतावर हिमाचा थर होता. वायव्येचा वारा, ताशी पंधरा-सोळा किलोमीटर. अंधारात चढले. पडू नये म्हणून अंगावरचा पट्टा झाडाच्या दोरीला अडकवला, मचाणावर बसले, धनुष्य दोरीनं वर ओढून घेतलं. पहिला झुबका कपाळावरच्या दिव्याच्या लाल उजेडात सोडला. तो घळीत उतरला.

उजाडताना दोन माद्या वरून आल्या, पायवाटेनं गेल्या, माझ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. साडेआठच्या सुमारास तो भटक्या हवेचा काळ आला. झुबका समोर तरंगत राहिला, एकदा पायवाटेकडे झुकला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. वीस मिनिटांनी ऊन बुंध्यावर आलं आणि पुढचा झुबका वर चढून घळीवर निघून गेला.

साडेनवाच्या थोडं आधी वाळक्या पाल्यात पावलं वाजली. एकटा नर, पश्चिमेकडून, भरभर चालीनं. मध्येच थांबून नाक वाऱ्याला द्यायचा आणि पुन्हा चालायचा. त्याच्या दृष्टीनं वारा उत्तम होता, माद्या बसायच्या त्या झाडोऱ्याचा सगळा वास त्याच्याकडे येत होता. माझा वास त्याच्यापासून काही हातांवरून निसटत होता. सोंडेवर आल्यावर त्यानं पायवाट सोडली आणि तो खाली, माझ्याकडे, घळीच्या कडेकडे उतरायला लागला. अजून वाऱ्याखाली जायचं होतं त्याला. तीन पावलं आणखी टाकली असती तर तो माझ्या वासात आला असता. तो एका कोवळ्या झाडामागून जाताना मी धनुष्य ओढलं. बाहेर आला तेव्हा अठरा पावलांवर होता, आडवा, पुढचा पाय पुढे टाकलेला. मी तोंडानं हलका आवाज केला. तो थांबला.

बाण आरपार जाऊन पाल्यात रुतला. नर उसळला आणि उताराला लागला, मग झाडं मोडल्याचा आवाज, मग काहीच नाही. माझे पाय थरथरत होते. घड्याळ बघून अर्धा तास बसून राहिले, खाली उतरण्याआधी तेवढं थांबायचंच असतं. बाणावर फिकट गुलाबी, बुडबुड्यांचं रक्त होतं, म्हणजे फुप्फुस. ऐंशी पावलांवर तो पडलेला सापडला. डोळे उघडे होते. मी शेजारी बसले, मानेवर हात ठेवला, ती अजून गरम होती. मागच्या पायांच्या सांध्यांवरचे केस माजानं काळे पडलेले आणि त्यांचा उग्र दर्प नाकात भरला. मी हात जोडले. रडले, ते लपवायचं काही कारण नाही.

आजोबा आले, पोट साफ करायला त्यांनी शिकवलं, आम्ही दोघांनी त्याला खालच्या रस्त्यापर्यंत ओढत आणलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत नोंदणी करावी लागते, ती ऑनलाइन केली. डोकं तपासणीसाठी दिलं. मेंदू पोखरणारा एक आजार या राज्यातल्या हरणांत २००२ साली पहिल्यांदा सापडला, तेव्हापासून पसरतोच आहे. त्यावर उपचार नाही आणि बाधित हरणाचं मांस खाऊ नये असं सांगतात. म्हणून निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच राहिलं. आजार आढळला नाही असं कळलं, त्या रविवारी भाजलेल्या कांदाखोबऱ्याचं वाटण लावून रस्सा केला. या मांसाला चरबी जवळजवळ नसते, जी असते ती काढूनच टाकायची, त्यामुळे मंद आचेवर बराच वेळ शिजवावं लागतं. एक डबा आजोबांकडे नेला.

आता दक्षिणेच्या वाऱ्यासाठी झाड शोधतेय. धारेच्या उत्तर बाजूला एक खिंड आहे, नरांची वाट तिथूनही जाते. गेल्या पंधरवड्यात तीनदा जाऊन आले. सकाळी सगळं सरळ वाटतं, पण दहानंतर म्हातारी खिंडीच्या तोंडाशी जाते, थांबते आणि कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळते. का, ते अजून कळलेलं नाही. कदाचित खालच्या उघड्या शेतावर ऊन लवकर पडतं म्हणून असेल. ढगाळ दिवशी जाऊन पुन्हा बघायचंय. बोंडं बरीच शिल्लक आहेत.